गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याची हकीकत तिथेच, पूर्ण सांगा : विद्यापीठाला खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
गणेशखिंड, पुणे ४११००७

सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यापीठाचा कारभार ज्या दगडी इमारतीतून चालतो तिच्याबद्दल हे पत्र आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. मुख्य इमारत ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी कुणालाही आतून पाहता यावी, आणि पाहताना तिची हकीकत मराठीत, काहीही न गाळता सांगितली जावी.

काहीही न गाळता, यावर माझा सगळा भर आहे. ही इमारत देखणी आहे हे सांगायला कुणी लागत नाही. पदवी घेतलेली मुलं तिच्यासमोर फोटो काढतात, आईवडिलांना हौसेनं दाखवायला आणतात, मनोऱ्याकडे बोट करतात. ‘इंग्रजांच्या वेळचं आहे’ एवढं सांगून पुढे जातात. या घराच्या भिंतींआड आणि फाटकाबाहेर जे घडलं त्याचा पत्ताच नसतो. त्यात मुलांचा दोष नाही. ते त्यांना तिथे उभं करून कुणी सांगितलेलं नसतं.

हे घर कसं उभं राहिलं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याची धाटणी त्याशिवाय उमगत नाही. मुंबईच्या गव्हर्नरांचं वर्ष तेव्हा तीन ठिकाणी वाटलेलं असे. थंडीत मुंबई, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पाऊस लागला की पुणे. पुण्यातला मुक्काम मुळा-पवनेच्या काठी दापोडीच्या बंगल्यात. सर जॉन माल्कम यांच्या काळात तो सरकारनं घेतला होता, आणि तिथली सरकारी वनस्पतिबाग डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी वीसेक वर्षं सांभाळली होती. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि मुंबईहून पुण्याला येणं एकदम सोपं झालं. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस अडल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या तोंडाकडे बघत होत्या आणि मुंबईत पैशाला नुसता पूर आला होता. गव्हर्नर होते सर बार्टल फ्रिअर. मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळं करणारे तेच हे फ्रिअर. दापोडीचं घर विकून गणेशखिंडीच्या उघड्या माळावर, शहराच्या गजबजाटापासून दूर, नवं घर बांधायचं त्यांनी मनावर घेतलं आणि १८६४ मध्ये काम सुरू झालं.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले, शेअरांचा फुगा फुटला, मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्यांनी दिवाळं काढलं, बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. गणेशखिंडीचं बांधकाम मात्र चालूच राहिलं. १८७१ मध्ये ते पुरं झालं तेव्हा फ्रिअर मुंबई सोडून चार वर्षं झाली होती आणि खर्च पावणेदोन लाख पौंडांच्या घरात गेला होता. या उधळपट्टीवरून थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत ओरड झाली. पण तो पैसा लंडनचा नव्हताच. मुंबई इलाख्याच्या तिजोरीतला होता आणि त्या तिजोरीत मोठा वाटा शेतसाऱ्याचा होता. घर पुरं झाल्यावर चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, याच पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली, आणि त्यानंतर लगेच १८७६-७७ चा दुष्काळ पडला. या घराच्या दगडाचं कौतुक करताना त्या दगडाचे पैसे कुणी भरले हेही त्याच दमात सांगायला हवं.

आणि कौतुक तर करायलाच हवं. नकाशे जेम्स ट्रबशॉ यांचे. मुंबईचे तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेची आखणी करणाऱ्या समितीच्या कामात ते वास्तुरचनाकार होते. त्या काळी लंडनच्या वेशीबाहेर, गिरण्यांचा धूर पोचणार नाही अशा बेतानं, पैसेवाली मंडळी जे प्रशस्त बंगले बांधत होती त्यांच्यावर इटलीतल्या हवेल्यांची छाप असे. कमानींच्या रांगा, ऐसपैस गच्च्या, भोवती बाग, आणि त्या आडव्या पसाऱ्यातून वर गेलेला एक सडपातळ मनोरा. खुद्द व्हिक्टोरिया राणीनं वाइट बेटावर बांधून घेतलेलं ऑस्बोर्न हाउस याच वळणाचं. गणेशखिंडीच्या इमारतीची तुलना त्याच्याशी नेहमी होते आणि ती पटण्यासारखी आहे. पण ऑस्बोर्नच्या भिंतींना वरून गिलावा आहे, तर गणेशखिंडीच्या भिंती आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या आहेत. नकाशा इटलीचा, हौस इंग्लंडची, दगड आणि हात इथले. मला ही इमारत आवडते ती या तिसऱ्या गोष्टीमुळे.

हा दगड जवळ जाऊन पाहावा असा आहे. काळा पाषाण घडवायला अतिशय चिवट. टाकी मारली तर सरळ फुटत नाही, उलटून हातावर येतो. तरी कमानीचे दगड असे बसवलेत की सांध्यात नखही जाऊ नये. भिंतीच्या दर्शनी दगडावर बोट फिरवलं की टाकीचे बारीक घाव लागतात, ओळीनं, एका अंतरानं. ज्यांनी ते घाव घातले त्या पाथरवटांची, दगड फोडणाऱ्या वडारांची, चुना मळणाऱ्या गवंड्यांची आठवण इमारतीत कुठेतरी कोरली जावी असं मनापासून वाटतं. आर्किटेक्टचं नाव सगळीकडे येतं, ते यायलाच हवं. पण एवढं काम एका ट्रबशॉनं केलं नाही.

आतली रचनाही सांगण्यासारखी. एका अंगाला समारंभाची दालनं, दुसऱ्या अंगाला गव्हर्नरांचा राहण्याचा भाग, मधे कमानींची मोकळी ओवरी. पाहुणे आणि घरची माणसं एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत, अशी ही बेतशीर वाटणी. पावसाळ्यातलं घर असल्यामुळे ओवऱ्या खोल आहेत. धो धो पाऊस पडत असतानाही न भिजता इकडून तिकडे जाता येतं आणि वारा मात्र आरपार खेळतो. यंत्राशिवाय इमारत थंड कशी ठेवावी याचा हा धडा आज वास्तुरचना शिकणाऱ्या प्रत्येक मुलानं तिथे उभं राहून घ्यावा इतका चोख आहे.

आणि तिसरी एक वाट आहे, जमिनीखालची. इमारतीतल्या भुयाराबद्दल पुण्यात नाना वावड्या उठतात. कुणी ते शनिवारवाड्यापर्यंत नेतं, कुणी त्यात खजिना ठेवतं. खरी गोष्ट त्याहून साधी आणि जास्त बोचणारी आहे. स्वयंपाकाकडून आणि चाकरीच्या जागेकडून ताटं-भांडी घेऊन नोकरांनी ये-जा करावी आणि ती पाहुण्यांच्या नजरेला पडू नये, म्हणून ही वाट. इंग्लंडच्या मोठ्या घरांतही असे आडमार्ग असत. त्या काळातल्या घराचं सगळं शास्त्र या भुयारात उतरलं आहे: घर चालवणारी माणसं दिसता कामा नयेत. खजिन्याच्या अफवा आपोआप विरतील, फक्त एकदा लोकांना सुरक्षितपणे, थोड्या थोड्यांच्या गटानं तिथवर नेऊन खरं काय ते सांगा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्याकडे येते.

१८९७ साल. पुण्यात प्लेग शिरला होता. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणत. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका दलित मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्यातच त्यांना प्लेगनं गाठलं. १० मार्चला त्या गेल्या. त्याच आठवड्यात प्लेगचा बंदोबस्त पाहणारा अधिकारी रँड याच्या हुकमानं गोऱ्या सोजिरांनी पुण्यात घरझडत्या सुरू केल्या. देवघरात, माजघरात बूट घेऊन शिरणं, बायकामाणसांची उघड्यावर तपासणी, सामानाची होळी, हे सगळं मे महिन्यापर्यंत चाललं.

२२ जूनला राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा सोहळा होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यजमान, ठिकाण गणेशखिंडीतलं हेच घर. आसपासच्या टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या, रस्त्यानं गाड्यांची रीघ लागली होती. दामोदर हरी चापेकर या घराच्या फाटकाशी उभे होते. मध्यरात्रीच्या सुमाराला रँडची गाडी बाहेर पडली आणि दामोदर तिच्यामागून धावू लागले. पिवळ्या बंगल्यापाशी त्यांनी ठरलेली हाक दिली, गाडीच्या मागच्या बाजूनं चढून रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीनं जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मेला. दामोदर १८९८ च्या एप्रिलमध्ये आणि वासुदेव, महादेव रानडे, बाळकृष्ण हे तिघे १८९९ च्या मे महिन्यात येरवड्यात फासावर गेले. ‘गोंद्या आला रे’ हे शब्द महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाहीत? पण त्या रात्रीची सुरुवात आपल्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतल्या मेजवानीनं झाली आणि दामोदर तिच्याच फाटकाशी वाट पाहत होते, हे इथे शिकलेल्या किती जणांना माहीत असतं?

या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. १० मार्चला एक बाई प्लेगच्या रोग्याची शुश्रूषा करता करता गेली. २२ जूनला, पुरते साडेतीन महिनेही झाले नव्हते, याच शहराच्या वेशीवर या घरात दिव्यांची आरास होती. आणि २०१४ पासून त्या घरात नांदणाऱ्या विद्यापीठाला त्या बाईचं नाव आहे. मुख्य इमारतीच्या परिसरात त्यांचा पुतळाही उभा राहिला. नामांतराच्या वेळी बाजूनं आणि विरोधात पुष्कळ बोललं गेलं. प्लेगच्या त्या एका वर्षानं हे नाव आणि ही वास्तू एकमेकांत किती घट्ट गुंफली आहेत याची चर्चा त्यात मी तरी ऐकली नाही. ती इमारतीतच, दर्शनी भागात, शिळेवर लिहिली जावी. सावित्रीबाईंचं नाव या घराला वरून चिकटवलेलं नाही, त्याचं मूळ या घराच्या इतिहासातच आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. रँडवर गोळी झाडली गेली ती जूनमध्ये, आणि फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळी झाडली ती २२ जुलै १९३१ ला. दोन्ही पावसाळ्यातल्या घटना, कारण पावसाळ्यात इलाख्याचं सरकारच गणेशखिंडीला मुक्कामाला असे. एका बंगल्याच्या जागेनं शहराचं राजकारण कसं घडतं याचं हे उदाहरण इतिहासाच्या विद्यार्थ्याला वर्गातल्या फळ्यापेक्षा या ओवरीत जास्त लवकर कळेल.

मग १९४९. १० फेब्रुवारीला विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीचे काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसमधून चालला आणि जूनपासून विद्यापीठ या घरात आलं. बाळासाहेब खेरांच्या सरकारनं गव्हर्नरचं घर आणि चारशे एकरांहून मोठं आवार विद्यार्थ्यांच्या हवाली केलं. स्वातंत्र्यानंतरचा इतका सुंदर निर्णय मला दुसरा चटकन आठवत नाही. जिथे आमंत्रणाशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं तिथे खेड्यातली पोरं परीक्षेचे फॉर्म घेऊन येऊ लागली. समारंभाच्या दालनाला ज्ञानेश्वरांचं नाव मिळालं. मुंबईच्या परळमध्येही असंच घडलं होतं. तिथलं गव्हर्नरचं जुनं घर १८९९ मध्ये हाफकिन यांच्या प्लेगच्या प्रयोगशाळेकडे गेलं आणि पुढे त्याची हाफकिन संस्था झाली. एक घर लस करणाऱ्यांना मिळालं, दुसरं शिकणाऱ्यांना. ही गोष्ट कळल्यावर कुठल्या मुलाची मान ताठ होणार नाही?

तर माझं म्हणणं असं. वर्धापनदिनासारख्या निमित्तानं इमारत नागरिकांसाठी उघडली जाते तेव्हा लोक किती ओढीनं येतात ते आपण पाहिलं आहे. तेच दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी व्हावं. रविवारी सकाळी कचेऱ्या बंद असतात, कामाचा खोळंबा होणार नाही. इतिहास, मराठी, मानवशास्त्र या विभागांतले विद्यार्थी वाटाड्ये होऊ शकतील. ‘कमवा आणि शिका’ योजनेत हे काम धरलं तर त्यांना चार पैसे मिळतील आणि बोलायची सवयही होईल. सुरक्षेची अडचण खरी आहे, पण नोंदणी करून वीस-वीस जणांचे गट केले तर ती सुटते. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांना पहिला मान द्या.

काही जण म्हणतील, साम्राज्याच्या खुणा कशाला मिरवायच्या? मला हा आक्षेप मनापासून समजतो. पण अर्धवट हकीकत सांगितली तरच मिरवणं होतं. शेतसारा, भुयार, १० मार्च, २२ जून आणि १९४९ हे सगळं सांगितलं की ते आपलीच खातेवही वाचणं आहे.

जपणुकीबद्दलही एक कळकळीची विनंती. गेल्या दशकात इमारतीच्या जीर्णोद्धाराचं मोठं काम झालं, त्याबद्दल विद्यापीठाचे आणि त्यावर राबलेल्या प्रत्येक कारागिराचे आभार. पण दगडी इमारत एकदा दुरुस्त करून सोडून देण्याची वस्तू नाही. काळा पाषाण स्वतः पाणी फारसं पीत नाही, सगळा ओलावा सांध्यांतून खेळतो. सांध्यात चुना असेल तर आत गेलेलं पाणी उन्हाळ्यात तिथूनच वाळून जातं. घाईगर्दीत कुणी सिमेंटनं सांधे भरले की ते कोंडतं, मग आतला चुना भुसभुशीत होतो, लाकडी तुळयांची टोकं कुजतात, आणि बाहेरून भिंत मात्र ठणठणीत दिसत राहते. म्हणून प्रत्येक पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी व्हावी, चुन्याचं काम चुन्यानंच व्हावं आणि त्याची नोंद सगळ्यांना पाहता यावी. चुना मळणारे आणि दगड घडवणारे हात आता कमी उरलेत. आपल्या आवारातच त्यांच्यासाठी एक छोटी कार्यशाळा चालवली तर इमारतीची सोय होईल आणि त्या विद्येचीही.

घाई करायला आणखी एक कारण आहे. फाटकाबाहेरचं सगळं झपाट्यानं बदलतंय. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, मेट्रोचे खांब उभे राहिले, रस्ता रुंदावतोय. ज्या रस्त्यानं दामोदर धावले तो आता ओळखू येत नाही. शेजारच्या गणेशखिंड बागेला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं, त्यामुळे तिथली जुनी झाडं तरी वाचतील अशी आशा आहे. त्या काळचं बाकी जे उरलं आहे ते आपल्या कुंपणाच्या आत आहे.

व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि येत्या १० मार्चपासून पहिला गट आत यावा, एवढी विनंती. वाटाड्यांसाठी मराठी मजकूर लिहून द्यायला, विद्यार्थ्यांना तयार करायला आणि पहिल्या वर्षीच्या सगळ्या रविवारी स्वतः येऊन उभं राहायला मी तयार आहे. मोबदला नको. माझ्यासारखे आणखीही माजी विद्यार्थी येतील, याची मला खात्री आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
विद्यापीठाची एक माजी विद्यार्थिनी
पुणे